चारी कोपरे

दहिवली,
९ जानेवारी २०२४

चि. हर्षला हिस आबाकाकाचा आशीर्वाद. काकूचाही हाय. ती शेजारी बसून मटार सोलते आणि अर्धे तोंडात टाकते.

माझे कान आता पार गेले. शेजारचा दशरथ खिडकीशी उभा राहून बोंबलतो आणि मला नुसती त्याची मिशी हललेली दिसते. काकूचं तेवढं ओठांवरून कळतं. तेव्हा फोनचा उपयोग नाय. तू कंपनीचा फोन परत केलास, जुना नंबर बंद झाला, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. पत्र लिही. पत्राला कान लागत नाय.

कान गेले तसा मला नवीन नाद लागला. टी-शर्ट वाचायचा. शनिवारी मुंबईची पोरं फार्महाऊसवर जायला कर्जतला उतरतात आणि चौकात वडापावला थांबतात. तेव्हा मी समोरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसतो. तीच वही, माथेरानच्या हॉटेलातली. चौतीस वर्षं वेटरकी केली, पाहुण्यांच्या तोंडचा एकेक शब्द टिपला. आता छातीवरचे टिपतो. गेल्या शनिवारी एका पोरीच्या छातीवर होतं, ‘स्पिल द टी’. अगं, चहा सांड म्हणते! चौतीस वर्षांत मी बशीत थेंब सांडला नाय, आणि ही छातीवर लिहून फिरते? दुसऱ्या एकाचं होतं, ‘सॉरी आय ॲम लेट, आय डिडन्ट वॉन्ट टू कम.’ हे मला समजलं आणि लई आवडलं. यायचं नव्हतं म्हणून उशीर झाला. खरं बोलणारा माणूस.

आणि एक जुनं कोडं. एकदा एका साहेबाला मी विचारलं, पॉइंटपर्यंत चालत जमेल का? तो म्हणाला, ‘पीस ऑफ केक.’ मी धावत जाऊन केक आणला. ते सगळे हसले, केक खाल्ला आणि चालायला गेले. कशाला हसले ते आजवर कळलं नाय. तू इंग्रजीची बीए, आता परदेशी गिऱ्हाइकांशी दिवसभर फाडफाड बोलतेस. सांग बघू.

काकू विचारते, कॉलेज सुटलं का तुझं? जरा विसरभोळी झालीय, बाकी खुशाल.

तुझा,
आबाकाका

•

बंगळुरू,
१८ जानेवारी

ती. काका, काकू,
तुम्हा दोघांना नमस्कार. पत्र वाचून इतकी हसले की रूममधली श्रद्धा म्हणाली, वेडी झालीस का?

काका, ती पोरगी चहा सांडायला सांगत नाही हो. ‘स्पिल द टी’ म्हणजे आतली बातमी सांगून टाक. दशरथदादाची बायको नळावर रोज जे करते ते. आणि ‘पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं, चुटकीसरशी होणारं. त्या साहेबाला म्हणायचं होतं की चालणं काही अवघड नाही. फुकटचा केक मिळाला, मग हसतील नाही तर काय?

आता माझ्याकडचा एक शब्द घ्या वहीत. आमच्या एक डिसूझा आजी आहेत, म्हणजे कस्टमर. जुन्या वळणाचं इंग्रजी. त्या रोज संध्याकाळी माझा हात धरून म्हणतात, ‘यू आर अ ब्रिक, माय डिअर.’ मी म्हटलं, वीट? चांगली बीए झालेली मुलगी मी! दोन दिवस रागावले होते. मग कळलं, ते कौतुक आहे. भरवशाचं माणूस, ज्याच्यावर भार टाकता येतो. पण आता असं कुणी बोलत नाही, फक्त डिसूझा आजी.

काम मजेत चाललंय. एसी आहे, जेवण आहे. सुट्टी मात्र मिळत नाही.

काकूला सांगा, कॉलेज सुटून दोन वर्षं झाली गं बाई! तिला माझा पापा द्या. लाजू नका.

तुमची,
हर्षला

•

दहिवली,
२ फेब्रुवारी

चि. हर्षला, आशीर्वाद.

पापा पोचवला. तिनं मला ढकललं आणि म्हणाली, तुमी कोण? थट्टेखोर झालीय.

वीट वहीत चढवली. इथं वीटभट्टीवर तुला कुणी वीट म्हटलं असतं तर तू आठवडाभर जेवली नसतीस. पण एक सांग, गिऱ्हाईक फोनवर असतं ना? मग ती आजी हात कसा धरते? आता फोनमधून हातपण निघतो की काय?

इकडची एक गंमत. तुझ्या काकूनं नवीन खेळ काढलाय. उन्हं कलली की पिशवी भरते. दोन पातळं, कंगवा, तुझा शाळेतला फोटो. म्हणते, चला, घरी जायला उशीर होतो. अगं घरातच बसलोय की! तर म्हणते, माझ्या घरी, खालापूरला. तिच्या माहेरी आता कुत्रंसुद्धा ओळखीचं उरलं नाय. परवा मी संडासाला गेलो तेवढ्यात ही एसटी स्टँडवर, खोपोली गाडीची वाट बघत. कंडक्टरनं ओळखलं म्हणून बरं. मग मी हॉटेलातून आणलेली ती पाटी शोधून काढली, ‘डू नॉट डिस्टर्ब’. तिचा दिवस बरा नसला की दाराच्या कडीला अडकवतो. शेजारचे येत नायत, चौकशा नायत.

आता आजचा प्रश्न. फार्महाऊसच्या फाटकावर ‘केअरटेकर’ लिहिलेलं असतं. आणि मला परवा एक छापील कागद मिळाला, त्यात सगळीकडं ‘केअरगिव्हर’ लिहिलंय. एक घेतो, एक देतो, आणि काम दोघांचं सांभाळायचंच. हे कसं काय? काळजी घेणारा कोण आणि देणारा कोण? ती देऊन टाकली तर हलकं वाटतं का? नीट उलगडून सांग.

शिमग्याला ये गं. चारच दिवस ये. आईबाप गेल्यापासून तुला हिनंच वाढवलं. आता ती बाकी कुणाचं नाव घेत नाय, तुझं घेते. घेते हाय तोवर ये.

तुझा,
आबाकाका

•

दहिवली,
२४ फेब्रुवारी

श्रद्धा हिस,

आपली ओळख नाय. मी हर्षलाचा काका. पाकिटावर ‘केअर ऑफ श्रद्धा’ घालून पत्रं धाडतो, म्हणून तुझं नाव ठाऊक. केअर ऑफ म्हणजे तुझ्या काळजीत, असं मी धरून चाललो होतो.

मुली, आमची हर्षला कशानं गेली?

तारीख तेरा. मी काकूचं औषध आणायला कर्जतात गेलो होतो. पोस्टमननं बंगळुरूचं पत्र म्हणून हिच्या हाती दिलं. हिला वाचता येत नाय, पण कागद पाकिटातून काढला आणि बघितलं, वरचा कोपरा फाडलेला. आमच्याकडं मयताचं पत्र तसंच येतं. कोपरा फाडून धाडतात, म्हणजे उघडणाऱ्यानं आधीच समजायचं. ते घरात न्यायचं नसतं, बाहेरच्या बाहेर फाडून टाकायचं. हिचा भाऊ खालापूरला वारला तेव्हा असंच कार्ड आलं होतं. हिला आता सकाळचं जेवण आठवत नाय, पण ते आठवलं. हिनं पाकिटासकट पत्र फाडून नदीत सोडलं आणि नेसत्या पातळानिशी सुतकाची बुडी मारली. दशरथनं हाताला धरून आणली. मी आलो तर ओल्या अंगानं ओट्यावर बसलेली. मला ऐकू येत नाय आणि रडताना तिचे ओठही कळेनात. ती ओरडत होती आणि मी नुसता बघत होतो. शेवटी तिनं तुझ्या मैत्रिणीचा फोटो उलटा करून जमिनीवर ठेवला. तेव्हा मला कळलं.

पत्रात काय होतं ते नदीला ठाऊक. कोणी लिहिलं, तेही नाय कळलं. दशरथनं जुना नंबर लावला, तो बंदच. तुमच्या कंपनीचं नाव हर्षलानं कधी लिहिलं नाय आणि मी मूर्खानं कधी विचारलं नाय. मी केकचं विचारत बसलो.

पत्ता हाय, पण हिला कुणाजवळ ठेवून बंगळुरूला येऊ? दारातून नजर हटली की ही स्टँडवर जाते. तेरावा करायचा तर दिवस ठाऊक पायजे. तिच्याजवळ शेवटी कुणी होतं का? ती काही म्हणाली का? दुखलं का फार? जे असेल ते सरळ लिही. माझ्या हातात दुसरं काही उरलं नाय.

आबाजी, दहिवली

•

बंगळुरू,
१ मार्च

काका,

मी हाय. मी जित्ती हाय.

श्रद्धानं तुमचं पत्र वाचलं आणि कामावर धावत आली. मी तिथूनच दशरथदादाला फोन लावला. त्यांनी तुम्हाला शाळेच्या पाटीवर लिहून दाखवलं, तुम्ही पाटी उराशी धरून बसलात, असं ते म्हणाले. मग त्यांनी फोन काकूच्या कानाला लावला. मी म्हटलं, काकू, मी बोलते, हर्षला. मग मला ऐकू आलं, ती दादाला म्हणत होती, ‘घे रं हा फोन, कुणीतरी बाई हाय, आमच्या पोरीचा आवाज काढते.’

काका, आता चहा सांडते. सगळाच.

मी कुठल्या कॉल सेंटरात नाही. पहिल्या महिन्यातच काढलं. म्हणाले, इंग्रजी बरं आहे पण बोलण्यात गाव येतो. घरी कुठल्या तोंडानं येणार होते? तुम्ही स्टँडवर पेढे वाटले होते. मग श्रद्धानं इथं चिकटवलं. हा वृद्धाश्रम आहे, श्रीमंतांचा. मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, भरवते, हाताला धरून फिरवते. डिसूझा आजी गिऱ्हाईक नाहीत. त्यांचा हात फोनमधून निघत नाही, खरोखर माझ्या हातात असतो. त्याही संध्याकाळ झाली की पर्स भरतात आणि घरी जायचं म्हणतात.

तुम्ही ‘केअरगिव्हर’चं विचारलंत ना? माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तोच शब्द आहे. वाटलं, काकांना कुठून तरी कळलं आणि हे असं टोचून विचारतायत. घाबरून तुम्हाला उत्तर लिहिलं. कागद संपले होते म्हणून आश्रमाच्या पॅडवर लिहिलं, आणि वरच्या कोपऱ्यात आश्रमाचं नाव छापलेलं होतं तेवढं फाडून टाकलं. तुम्हाला कळू नये म्हणून. कोपऱ्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. लहानपणी खालापूरच्या मामांचं ते कार्ड मी स्वतः बघितलं होतं, तरी नाही आलं.

त्या पत्रात काय होतं सांगू? ‘शिमग्याला येते. काकूला सांगा, पुरणपोळीला मी बसते.’ एवढंच.

आणि काका, पिशवीचं तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. मी इथं रोज बारा तास हेच बघते आणि तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही. मी पण हसले. तो छापील कागद तुम्हाला कुठं मिळाला, ते आता विचारत नाही. डॉक्टरनं दिला ना?

माझे सर्टिफिकेटचे कागद इथं कपाटात ठेवून घेतलेत, अकरा महिने पुरे झाल्याशिवाय देत नाहीत. रजा मागितली तर ‘वी विल सी’ म्हणतात. इंग्रजीत ‘बघू’ म्हणजे नाही, हेही वहीत लिहा. पण मी येते.

हर्षला

•

दहिवली,
९ मार्च

हर्षला,

आधी तुला दोन थोबाडीत द्यायच्या, मग जवळ घ्यायचं. दोन्ही इथून होत नाय.

सतरा दिवस मी तुला मेलेली धरून चाललो. पाटीवर ‘हर्षला जिवंत’ वाचलं तेव्हा मला वाटलं, दशरथ नेहमीसारखा अशुद्ध लिहितो, काहीतरी दुसरं असेल. त्याला तीनदा लिहायला लावलं. मग नळ सुरू करून तोंड धूत बसलो, कुणाला कळू नये म्हणून.

म्हाताऱ्यांचं करतेस यात लाजायचं काय गं? मी चौतीस वर्षं लोकांची उष्टी उचलली. पेढे तू गेलीस म्हणून वाटले, कंपनी कुठली त्याचे नाय.

आता माझाही चहा सांडतो. तो कागद डॉक्टरचा होता. दिवाळीपासून मला ठाऊक हाय. ते म्हणाले, हळूहळू माणसं पुसत जातील, आधी जवळची नवी, मग जुनी. औषधानं थांबत नाय, जरा दमानं होतं इतकंच. तुमी कोण, ही थट्टा नव्हती. मी तुला लिहिलं नाय, कारण तू नोकरी सोडून धावत आली असतीस. आणि तू तुझं लिहिलं नाय, कारण मी धावत आलो असतो. शहाणी माणसं आपण दोघं.

डॉक्टरला मी एकच विचारलं होतं, पुतणी कधीपर्यंत आठवेल? ते म्हणाले, सांगता येत नाय, लवकर बोलवा. मी शिमग्यावर टाकलं.

आता हिचं ऐक. हिला रोज नव्यानं कळतं की तू गेलीस. सकाळी उठते, तुझा फोटो बघते, आणि परत आंघोळीला जाते. मी तुझी जुनी पत्रं दाखवली तर म्हणते, आधी टाकलेली असतील. फोनवर तू बोललीस तर म्हणते, परकी बाई. जे आठवायला पायजे ते सगळं गळालं आणि हा एक फाटका कोपरा तेवढा घट्ट धरून ठेवलाय. दशरथची बायको म्हणते, पोरगी समोर उभी राहिली की खडखडीत बरी होईल. तसं व्हावं. मला बाकी आता इंग्रजीत काही विचारायचं नाय.

कागद राहू देत तिथं. ये. तू वीट हायस. माझ्याच्यानं एकट्यानं उचलत नाय.

आबाकाका

•

दहिवली, घरातूनच
१२ एप्रिल

काका,

तुम्ही औषध आणायला गेलात म्हणून हे वहीत लिहून ठेवते. आल्यावर वाचा. तुमच्याशी बोलायचं तर लिहावंच लागतं, आणि हे पाटीवर मावणार नाही.

मला येऊन सव्वीस दिवस झाले. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले, तुम्ही तिच्यामागं उभे होतात, तोंडावर हात ठेवून. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘कामाला आलीस का? ये. आमच्यात सुतक हाय, पोरगी गेली आमची.’ तुम्हाला ऐकू आलं नाही, मागून तिचे ओठही दिसले नाहीत, म्हणून तुम्ही मला खुणेनं विचारलंत, ओळखलं का? मी मान हलवून हो म्हटलं. ते खोटं होतं काका. तुम्ही त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवलात! मग माझ्यानं सांगवलं नाही. तुम्हाला आताशा कळलंच असेल.

तिचं सगळं मी करते. वेणी, आंघोळ, भरवणं. मला बाई म्हणते. दुपारी माझ्या मांडीवर हात टाकून हर्षलाचं सांगते. पोर कशी हट्टी होती, खोबऱ्याची वडी चोरून कशी खायची. मग कोपरा फाटलेलं पत्र आलं, इथं आली की रडायला लागते. मी तिला गप्प करते. माझ्या मरणाचं मीच तिला समजावते, रोज. बंगळुरूला मला हे सगळं शिकवलं होतं, वाद घालू नका, त्यांच्या जगात चला. त्यांचं ते जग इतकं जवळचं असेल तर काय करायचं, ते नव्हतं शिकवलं.

त्या टी-शर्टवाल्याला यायचं नव्हतं म्हणून उशीर झाला होता. मला यायचं होतं काका. एवढं वहीत लिहून ठेवा.

तुम्ही गेल्यावर आजचं असं झालं. ती उठून बसली. चेहरा एकदम जुना, पहिल्यासारखा. म्हणाली, ‘बाई, तुला लिहिता येतं ना? आमच्या हर्षलाला पत्र टाक. ती बंगळुरात हाय.’ मी म्हटलं, ती... ती बरी आहे ना? तर म्हणाली, ‘तिला काय झालंय? लिही. म्हणावं, काकूला आताशा काही सुधरत नाय. तू ये. तुला बघितलं की सुधरेल.’

मी म्हटलं, काकू, माझ्याकडं बघ. तिनं बघितलं. नीट बघितलं. मग म्हणाली, ‘अक्षर चांगलं काढ हां.’

मी लिहिलं. ती सांगत गेली तसं, शब्दाला शब्द. झाल्यावर कागद हातात घेऊन तिनं बोटांनी चारी कोपरे चाचपले, एकेक करून. देव्हाऱ्यातला करंडा आणायला लावला आणि चारी कोपऱ्यांना स्वतः कुंकू लावलं, म्हणजे पोर घाबरणार नाय म्हणाली. घडी घालून पाकिटात घातलं. आता ती समोर बसली आहे आणि मी ते पोस्टात टाकायला कधी निघते याची वाट बघते आहे. दोनदा म्हणाली, पत्ता घाल गं बाई, टपाल निघेल.

पाकीट माझ्या हातात आहे, काका. पत्ता काय घालू?